तासभर, एक पियानो आणि बारा जुनी गाणी

पुण्याच्या एका गायिकेचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "ताई, मी विशारदपर्यंत शास्त्रीय शिकले, सुगम गाते. माझी पट्टी, म्हणजे माझा षड्ज, काळी चार. गेली दोन वर्षं दर शनिवारी एका रेस्टॉरंटमध्ये जुनी इंग्रजी गाणी गाते. आता एका छोट्या सभागृहात माझा तासाभराचा 'कॅबरे शो' ठरला आहे. साथीला फक्त पियानो आणि सगळी जॅझ-पॉप स्टँडर्ड्स, म्हणजे पिढ्यान्पिढ्या गायली जाणारी जुनी इंग्रजी गाणी. हातात पाच महिने आहेत. गाणी कशी निवडू, पट्टी कशी ठरवू, मध्ये बोलू काय? ऐकणारे म्हणतात, 'छान आहे, पण हिंदुस्थानी वाटतं', त्याचं काय करू? आणि घरचे कॅबरे या शब्दालाच बिचकले आहेत."

घरच्यांपासूनच सुरुवात करते. त्यांना समजावताना हा प्रकार नेमका काय आहे ते तुलाही स्पष्ट होईल.

आपल्याकडे कॅबरे म्हटलं की हेलन डोळ्यांसमोर येते. हिंदी सिनेमाने तो शब्द नाचाला चिकटवला आणि तो तिथेच राहिला. मूळ वेगळं आहे. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात 1881 साली रोडोल्फ सालिसने 'ल शा न्वार', म्हणजे 'काळं मांजर', नावाची जागा काढली. तिथे कवी कविता म्हणायचे, गाणारे गायचे, सावल्यांचे खेळ व्हायचे, आणि ऐकणारे हातात पेला घेऊन अगदी जवळ बसलेले असायचे. न्यूयॉर्कमध्ये त्याचं जे रूप घडलं त्यात साठ-ऐंशी खुर्च्यांची खोली, एक पियानो, एक गाणारा माणूस आणि बरीचशी नाटकांतून आलेली गाणी एवढंच. बॉबी शॉर्ट मॅनहॅटनच्या कार्लाइल हॉटेलातल्या छोट्या कॅफेत 1968 पासून 2004 पर्यंत पियानोवर बसून गायले. मेबल मर्सर तर खुर्चीत बसून गायच्या. त्यांचा जन्म 1900 चा, इंग्लंडमधला. 1930 च्या दशकात त्या पॅरिसला 'ब्रिकटॉप्स' या नाइटक्लबमध्ये गात होत्या, मग न्यूयॉर्कला आल्या. उतारवयात त्यांचा गळा जवळजवळ बोलण्यावर आला होता, तरी लोक श्वास रोखून ऐकायचे. ओळ कशी तोडायची आणि कशी जोडायची हे आपण मेबलकडून शिकलो, असं फ्रँक सिनात्रांसारखा गायक उघडपणे सांगत असे. 1983 मध्ये मेबलना अमेरिकेचं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

घरच्यांना सांग, ही इंग्रजीतली बैठकीची लावणी आहे. यमुनाबाई वाईकर बसल्या जागेवरून एकच ओळ पाच तऱ्हांनी म्हणायच्या आणि प्रत्येक वेळी त्या ओळीतली बाई वेगळी व्हायची. दोन्ही कला एक नाहीत हे मला माहीत आहे. पण गाणारी आणि ऐकणारा यांच्यातलं अंतर तेच आहे, चेहरा दिसेल एवढंच. माझ्या आईला मी हेच सांगितलं होतं आणि तिला ते लगेच कळलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्यापासून लपवू नकोस. या शब्दाला अमेरिकेतही डाग होता, पण तो लावला सरकारने. न्यूयॉर्कमध्ये 1940 पासून 1967 पर्यंत, दारू मिळते अशा जागी गायला-वाजवायला पोलिसांकडून 'कॅबरे कार्ड' घ्यावं लागे. जॅझ गायिका बिली हॉलिडेला 1947 मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि तिचं कार्ड गेलं. 1948 च्या मार्चमध्ये तिने कार्नेगी हॉल भरवला, कारण तिथे कार्ड लागत नव्हतं. पण ज्या छोट्या खोल्यांत ती घडली होती, तिथे तिला मरेपर्यंत कायदेशीरपणे गाता आलं नाही. ती गेली 1959 मध्ये. मी त्या शहरात गाते तेव्हा हे माझ्या मनातून जात नाही.

आता मुख्य गोष्ट. या प्रकारात शब्द पहिला, गळा दुसरा. तुला पटायला वेळ लागेल. मला सहा वर्षं लागली. मी गिरगावात वाढले, गांधर्वच्या परीक्षा दिल्या, लग्नानंतर न्यू जर्सीला गेले आणि गेली बावीस वर्षं नदीपलीकडे मॅनहॅटनच्या छोट्या खोल्यांत गाते. सुरुवातीला माझं कौतुक आवाजासाठी व्हायचं आणि मी खूश असायचे. एका रात्री कार्यक्रमानंतर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले आणि त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "त्या तिसऱ्या गाण्यातली बाई शेवटी त्याच्याकडे परत जाते का?" ते गाणं मी तीन वर्षं गात होते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. सुरांच्या जागा मात्र सगळ्या पाठ होत्या.

तेव्हापासून मी नवं गाणं असं बसवते. शब्द हाताने लिहिते, ओळी न तोडता, पत्रासारखे सलग. मग कागद पालथा घालते आणि तेच मराठीत बोलते, बहिणीला फोनवर सांगावं तसं. कोण बोलतंय? कोणाशी? तो समोर बसला आहे की कधीच निघून गेला? पाच मिनिटांपूर्वी असं काय झालं की ही आत्ता बोलायला लागली? मराठीत बोलताना ज्या ओळीवर मी अडखळते ती ओळ मला कळलेली नसते. सगळं सरळ बोलता आलं की इंग्रजी शब्द मोठ्याने वाचायचे, सूर न लावता, पंधरा-वीस वेळा. चाल सगळ्यात शेवटी. तुझ्या सुगमच्या तालमीत चाल आधी आणि शब्द मागून येत असतील, तर इथे तो क्रम उलटा कर. पहिले तीन आठवडे गाऊच नकोस, असं मी म्हणेन.

गाणी निवडताना त्यांची घडण माहीत हवी. यातली बहुतेक 1920 ते 1950 च्या दरम्यान ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, नाटकांसाठी किंवा चित्रपटांसाठी लिहिली गेली. आपल्या संगीत नाटकात संवाद संपता संपता ऑर्गनचा सूर लागतो आणि नट पदात शिरतो, तो सांधा त्यांनाही लागायचा. त्यासाठी गाण्याआधी एक छोटा, बोलण्याच्या अंगाने जाणारा भाग असे. त्याला व्हर्स म्हणतात. (आजच्या पॉपमध्ये व्हर्स म्हणजे साधारण आपला अंतरा. तो वेगळा.) त्यानंतर मुख्य गाणं, बहुतेक वेळा 32 बारचं (बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा एक तुकडा): आठ बारचा मुखडा, तोच पुन्हा, मग आठ बारचा ब्रिज जिथे चाल आणि मनःस्थिती दोन्ही वळतात, आणि पुन्हा मुखडा. जॅझवाले व्हर्स सहसा गाळतात, कारण त्यांना मुख्य भागावर खेळायचं असतं. कॅबरेत तू ते गा, निदान चार गाण्यांत तरी. लोकांनी मुखडा हजारदा ऐकलेला असतो, पण व्हर्स अनेकांनी कधीच ऐकलेलं नसतं. ते सुरू झालं की खोली कान टवकारते, आणि ओळखीचा मुखडा आला की ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासारखं असतं. पण सगळी व्हर्स चांगली नसतात. काही नुसती भरणा असतात, ती खुशाल सोड.

'नाइट अँड डे' घे. कोल पोर्टरने ते 1932 मध्ये 'गे डिव्होर्स' या नाटकासाठी लिहिलं आणि फ्रेड अस्टेअर ते पहिल्यांदा गायले. 32 बारच्या साच्यातही ते बसत नाही, ते 48 बारचं आहे. त्याच्या व्हर्समध्ये गाणाऱ्याला एकच सूर तीसहून अधिक वेळा म्हणायचा असतो. कागदावर पाहिलंस तर वाटेल, यात गायचं काय? आपले कान तानपुऱ्यावर वाढलेले. खाली षड्ज स्थिर असतो आणि आपण त्यावर फिरतो. इथे उलटं होतं: तू स्थिर असतेस आणि खालची जमीन सरकते. सूर तोच, पण पियानोचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, बदलला की त्याच सुरातली बेचैनी वाढते. पियानोवादकाला म्हण, फक्त कॉर्ड वाजव, मी एकच सूर धरते. डोळे मिटून अर्धा तास हे कर. कुठे सूर घरी असल्यासारखा वाटतो, कुठे परका, ते ऐक. शास्त्रीय शिकलेल्यांना सगळ्यात जास्त हेच शिकावं लागतं. दहा नवी गाणी पाठ करण्यापेक्षा हा अर्धा तास मोलाचा.

पट्टीचं आता नीट सांगते, कारण इथे आपल्यातले जवळजवळ सगळे चुकतात. आपल्याकडे पट्टी गायकाची असते. तू काळी चारची, म्हणजे ख्याल काळी चारमध्ये, भजन काळी चारमध्ये. स्टँडर्ड्समध्ये पट्टी गाण्याची असते आणि प्रत्येक गाण्याची वेगळी ठरवावी लागते. षड्ज कुठे आहे हे बघायचं नाही, सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर कुठे पडतो ते बघायचं. धरून चालते की तुझा आवाज मंद्र धैवतापासून तार मध्यमापर्यंत जातो. 'ओव्हर द रेनबो'च्या पहिल्याच शब्दात षड्जावरून तार षड्जावर उडी आहे आणि पुढे खाली मंद्र धैवतही लागतो. तुझ्या काळी चारमध्ये ते बरोबर बसेल. पण 'माय फनी व्हॅलेंटाइन' मध्य षड्जावर सुरू होतं आणि ऐन भरात तार सप्तकातल्या कोमल गंधारावर जातं. काळी चारमध्ये तो गंधार तुला जोर लावून काढावा लागेल, आणि त्या ओळीत ती बाई विनवते आहे, ओरडत नाही. म्हणून पट्टी खाली आण, पांढरी चार कर. आता तो गंधार तुझ्या नेहमीच्या तार षड्जाच्या जागी आला, आणि सुरुवातीचा षड्ज तुझ्या अगदी तळाशी, जिथे आवाज जवळजवळ श्वासासारखा येतो. गाण्याला हेच हवं आहे. बाजारात मिळणाऱ्या स्वरलिपीच्या वह्यांतल्या पट्ट्या बहुधा वाद्यांच्या सोयीच्या असतात. त्यांच्यावर विसंबू नकोस, आणि रेकॉर्डमधल्या गायिकेच्या पट्टीवर तर मुळीच नाही.

पियानोवादकाला कळवताना काळी-पांढरी लिहिलंस तर तो गोंधळेल. काळी चार म्हणजे ए फ्लॅट, पांढरी चार म्हणजे एफ, काळी पाच म्हणजे बी फ्लॅट, काळी दोन म्हणजे ई फ्लॅट. गाणं मेजर की मायनर तेही लिही.

"हिंदुस्थानी वाटतं" या शेऱ्याने दुखावू नकोस, आणि तो पूर्ण मान्यही करू नकोस. मुंबईच्या आशा पुथली हिंदुस्थानी गायकी शिकून अमेरिकेला गेल्या आणि जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 1972 च्या 'सायन्स फिक्शन' या अल्बममध्ये गायल्या. त्यांच्या गळ्यातलं आपलंपण तिथे गुण ठरलं. पण ते संगीत मोकळं होतं, सुरांना भरपूर जागा होती. कॅबरेत ऐकणारा शब्दाच्या मागे असतो. शब्द झाकणारी कोणतीही गोष्ट त्याला परकी वाटते, मग ती कितीही सुंदर असो. माझ्या अनुभवात आपल्या गाण्यात शब्द तीन ठिकाणी झाकला जातो.

पहिलं ठिकाण स्वर लांबवण्याचं. 'नाइट' हा शब्द चार मात्रा धरायचा असेल तर आपण 'नाई' करतो आणि ई लांबवतो. खरं तर 'ना' धरायचा, आणि 'इट' अगदी शेवटच्या क्षणी, नेमक्या मात्रेवर मिटवायचा. 'डे', 'माय', 'नाउ' यांचंही तसंच. दुसरं व्यंजनांचं. मराठीत आपला व एकच. इंग्रजीत 'वंडरफुल'मधला डब्ल्यू ओठ गोल करून येतो, दात कुठेच लागत नाहीत, आणि 'लव्ह'मधला व्ही वरचे दात खालच्या ओठावर टेकवून येतो. प्रेमाच्या गाण्यात हा शब्द किती वेळा येतो ते मोज म्हणजे कळेल. टी-डी म्हणताना जीभ ट-ड सारखी टाळूकडे वळवायची नाही, वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकवायची. पण एवढं करून अमेरिकन व्हायला जाऊ नकोस. आणलेला हेल पहिल्या ओळीतच कळतो आणि ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो. स्वच्छ बोल, तुझी म्हणून बोल. तिसरं ठिकाण मींड-मुरकीचं. आपण प्रत्येक सुरावर खालून घसरत चढतो, ती गळ्याची सवय असते. एक महिना प्रत्येक सूर थेट, सरळ लावायचा सराव कर. नंतर संपूर्ण गाण्यात दोनच ठिकाणी मींड घ्यायची परवानगी स्वतःला दे, आणि त्या जागा शब्दावरून ठरव. हरकत तर अख्ख्या कार्यक्रमात एकच ठेव. तीही अशी, की ती आली नसती तर ती बाई रडली असती.

मात्र आपल्याकडची एक सवय इथे जशीच्या तशी कामाला येते. आपण न, म, ङ अशा नाकातल्या व्यंजनांवर सूर धरून ठेवायला कचरत नाही. पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीत शिकलेले स्वरावरच रेंगाळतात. स्टँडर्ड्समध्ये 'मून', 'ड्रीम', 'साँग' यांच्या शेवटच्या व्यंजनावर सूर मिटवला तर शब्द कानात राहतो. ठुमरी शिकलेल्या मुलींना मी हे शिकवायला जात नाही, त्यांना ते येतंच.

लयीचा रियाज वेगळा. चार मात्रांचा बार, पण टाळी दुसरी आणि चौथीवर. त्रितालावर वाढलेला हात आपोआप पहिल्या मात्रेवर पडतो आणि गाणं कवायतीसारखं होतं. मेट्रोनोम 60 वर लाव आणि त्याचे ठोके पहिली-तिसरी न समजता दुसरी-चौथी समज. म्हणजे गाण्याची खरी गती 120 झाली. पहिला आठवडा जीव मेटाकुटीला येईल. मग एक दिवस शरीर आपोआप डुलायला लागतं आणि ते पुन्हा जात नाही. ते आलं की पुढचं: ओळ ठोक्याच्या थोडी मागून सुरू करायची आणि वळणावर पियानोला गाठायची. बोलबाँट करताना, म्हणजे बंदिशीचे शब्द लयीत वाटून गाताना, तू समेचा अंदाज कसा घेतेस? तसंच. उशिरा निघ, पण पोच वेळेवर. सगळीच ओळ ढिली पडली तर ते नुसतं बेताल वाटतं. गोव्याची गायिका लोर्ना हिची संगीतकार ख्रिस पेरींबरोबरची कोकणी गाणी यासाठी ऐक. गोव्याचा उच्चार जागच्या जागी आहे आणि लय स्विंगची, म्हणजे जॅझची डुलती लय आहे. कुठेही ओढाताण नाही.

गोवा आलाच आहे तर सांगते. तू परक्याचं काहीतरी करते आहेस असं मानू नकोस. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड असे आफ्रिकन-अमेरिकन वादक येऊन वाजवत होते. गोव्याचे वादक त्यांच्या शेजारी बसून शिकले आणि पुढे तेच हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचे आणि सी. रामचंद्रांचे साहाय्यकही होते. आपल्या आजी-आजोबांनी रेडिओवर जी गाणी ऐकली त्यांत ही लय होतीच. मला ही गाणी शिकवली तेही गोव्याचेच एक पियानोवादक अंकल. ते चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत वर्षानुवर्षं वाजवायचे. ते गाण्याआधी नेहमी विचारायचे, "गोष्ट काय आहे, बाय?" तेव्हा मला वाटायचं, हे वेळ काढताहेत.

पियानोवादक हा तुझा निम्मा कार्यक्रम आहे. उत्तम एकल वादक आणि उत्तम साथीदार ही दोन वेगळी माणसं असतात. साथीदार असा शोध, जो तुझ्या हातांकडे बघत नाही, तुझ्या श्वासाकडे बघतो. संथ गाण्यातलं व्हर्स बहुधा मुक्त लयीत असतं. तिथे तो तुझ्या मागे चालतो, म्हणून तुझा श्वास त्याला दिसला पाहिजे, खांदे न उचलता पण स्पष्ट. प्रत्येक गाण्याचा एक पानाचा, फार तर दोन पानांचा कागद त्याला दे: पट्टी, गतीचा आकडा, स्विंग की बॅलड (संथ गाणं) की लॅटिन, सुरुवात किती बारची, व्हर्स आहे की नाही, मधे पियानो एकटा किती वाजवणार, पुन्हा तू कुठून उचलणार आणि शेवट कसा. सुरुवातीला शेवटचे चार किंवा आठ बार वाजवले की तुला सूरही मिळतो आणि गतीही. शेवटासाठी 'टॅग' हा प्रकार तुला लगेच जमेल. शेवटची ओळ तीनदा म्हणून तिसऱ्यांदा संपवायची, आपल्या तिहाईची चुलत बहीणच. पण सगळ्या गाण्यांना लावू नकोस, दोनदाच.

गती तू द्यायची. मनात गाण्याची सगळ्यात दाट शब्दांची ओळ म्हण, पहिली नव्हे. ती सुखाने म्हणता येईल ती गती. मग दुसरी-चौथीवर हलकी टिचकी दे, दोन बार. घाबरलेला माणूस नेहमी जलद गती देतो. मी एकदा अशी घाईने टिचकी दिली आणि ब्रिजमधले शब्द अक्षरशः गिळले. वादकाने ते सावरलं, पण त्या गाण्यातली बाई त्या रात्री भेटली नाही.

आता क्रम. तासाभरात बारा गाणी पुरतात. तीन-साडेतीन मिनिटांचं एक धरलं तर चाळीस मिनिटं गाणं आणि उरलेल्या वेळेत बोलणं, टाळ्या, श्वास. पहिलं गाणं मध्यम गतीचं, छोटं आणि अगदी हातात बसलेलं ठेव, कारण ते कोणी नीट ऐकत नाही. लोक तुझा पोशाख बघत असतात, खुर्ची सरकवत असतात. दुसरं लगेच, मधे न बोलता. मग नमस्कार. पहिलं संथ गाणं तिसरं किंवा चौथं. सलग दोन गाणी एकाच पट्टीत नकोत, ऐकणाऱ्याला कारण कळत नाही पण कंटाळा येतो. सगळ्यात जड गाणं शेवटून दुसरं किंवा तिसरं ठेव. ब्रॉडवेवाले त्याला 'इलेव्हन ओ'क्लॉक नंबर' म्हणतात, कारण जुन्या काळी नाटक साडेआठला सुरू व्हायचं आणि ते गाणं अकराच्या सुमारास यायचं. त्यानंतर एक हलकं गाणं, लोकांना घरी पोचवणारं. बाराही गाणी प्रेमभंगाची नकोत. एक खट्याळ असू दे, एक आईचं किंवा गावाचं. आणि एखादं भावगीत घ्यायचं मनात असेल तर घे, एकच. गजाननराव वाटवे हार्मोनियम घेऊन गणेशोत्सवाच्या मांडवात कविता गायचे, आणि गर्दी कवितेचे शब्द ऐकायला थांबायची. ते तुझ्या तासाभरात परकं वाटणार नाही.

बोलण्याबद्दल माझं मत ठाम आहे: गाणं कोणी, कोणत्या साली लिहिलं याने सुरुवात करू नकोस. ते फोनवर कोणालाही सापडतं. माहिती तेव्हाच सांग जेव्हा तिने गाणं वेगळं ऐकू येईल. तू काय सांगू शकतेस ते तुलाच माहीत आहे: शनिवारच्या रेस्टॉरंटमध्ये पाठमोरं बसून दर वेळी तेच गाणं मागणारं कोणीतरी असेल, पहिल्यांदा रेडिओवर ऐकलेली ओळ असेल. प्रत्येक निवेदन लिहून काढ, घड्याळ लावून वाच, एक मिनिटाच्या वर गेलं तर काप. मग पाठ कर, आणि शेवटच्या आठवड्यात कागद बघूच नकोस. बोलण्याचं शेवटचं वाक्य आणि गाण्याची पहिली ओळ यांचा सांधा जुळला पाहिजे. काही ठिकाणी अजिबात बोलू नकोस. जड गाण्यानंतर तर नाहीच. टाळ्या विरेपर्यंत उभी राहा. बोलायचं मराठीत की इंग्रजीत? पुण्यात असशील तर मराठीत बोल. गाणं इंग्रजी आणि निवेदन तुझ्या घरच्या भाषेत, यातून जी जवळीक येते ती मी न्यू जर्सीच्या मराठी घरांमधल्या बैठकींत पाहिली आहे.

नजर एका माणसावर ठेव, पण एका ओळीपुरती. मग दुसरा माणूस. डोळे मिटून गाण्याची आपली सवय इथे मोडावी लागेल. डोळे मिटले की ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला खोलीबाहेर ठेवलं.

माइक तोंडापासून चार बोटं. हळू ओळीला जवळ, वरच्या सुराला हात लांब. नेहमीच्या वापरातल्या माइकला फार जवळ गेलं की खर्ज फुगतो. कुजबुजीच्या एखाद्या ओळीला ते गोड लागतं, सबंध गाण्याला नाही. पी आणि बी या अक्षरांना माइक किंचित बाजूला. ध्वनिव्यवस्थावाल्याला एकच सांग, इको कमी. आपल्याकडे तो नेहमी जास्त असतो आणि शब्द त्यातच बुडतात. सादरीकरणाच्या परवान्याचं, म्हणजे आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचं, आयोजकांनी पाहिलं आहे का ते आत्ताच विचार, आदल्या दिवशी नको. व्हिडिओ टाकायचा असेल तर ती परवानगी वेगळी लागते.

पाच महिन्यांतला पहिला महिना शब्द आणि कॉर्ड ऐकणं. दुसरा पट्ट्या आणि लय. तिसऱ्यात पियानोसोबत आठवड्यातून दोन तालमी. चौथ्या महिन्यात कोणाच्या तरी दिवाणखान्यात वीस माणसांसमोर पूर्ण तास कर, माइकशिवाय. त्यात इंग्रजी फारसं न येणारी दोन माणसं मुद्दाम बोलाव आणि नंतर त्यांना विचार, कोणत्या गाण्यात काय झालं असं वाटलं. त्यांनी गोष्ट बरोबर ओळखली तर ते गाणं तयार आहे. नाही ओळखली, तर पुन्हा कागद पालथा घालून मराठीत बोलायला बस. तुझ्या आईलाही बोलाव त्या दिवशी, पुढच्या रांगेत.

आत्ता मनात असलेली सात-आठ गाणी, प्रत्येकाचा सगळ्यात खालचा आणि वरचा सूर, आणि त्या त्या बाईची गोष्ट मराठीत दोन ओळींत, एवढं लिहून पाठव. पट्ट्या आणि क्रम मी पाहून सांगते.